काडतुसांची टंचाई व सांठवण

बियाणें, खत, कडबा व दाणागोटा यांची बेगमी वेळेवर करावी, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. ज्याच्या घरीं पेरणीच्या आधीं बीं नाहीं त्याला मृगाच्या पावसाचा उपयोग काय? परंतु रानडुकरांच्या उपद्रवामुळें ज्यांनीं रीतसर परवाना काढून राखणीची बंदूक बाळगली आहे, त्यांना याहून एक निराळी बेगमी करावी लागते. ती काडतुसांची, अथवा बंदूक ठासणीची असल्यास दारू, छरे व टोप्या यांची. ही बेगमी किती असावी, ती कशी ठेवावी, आणि बाजारांत माल मिळेनासा झाला म्हणजे काय करावें व काय करूं नये, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाहीं. बहुतेक परवानेदार भात पोटरीस येईपर्यंत स्वस्थ असतात, आणि डुकरांनीं एक खाचर लोळवलें म्हणजे जिल्ह्याच्या गांवीं दुकानाकडे धांव घेतात. त्या दिवशीं दुकानांत माल नसला तर रिकाम्या हातानें परत येतात, व पुढील चार रात्रींत उरलेलें भातही जातें.

आम्ही तालुक्याच्या कचेरींत पुष्कळ वर्षें कारकुनी केली. परवान्यांचीं दप्तरें, नूतनीकरणाचे अर्ज व पिकांच्या नुकसानीचे पंचनामे आमच्या हातांखालून गेले. बंदूक असूनही पीक कां गेलें, याचें कारण पुष्कळदां बंदुकींत नसून काडतुसांच्या पेटींत असतें, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें. म्हणून सेवानिवृत्तीनंतर या विषयाचा थोडा अभ्यास केला. त्यासाठीं उदाहरण निवडलें तें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें. बंदुका व काडतुसें यांचा जेवढा सुकाळ त्या देशांत आहे तेवढा दुसरीकडे क्वचितच असेल. असें असतांही २००८ सालापासून पुढील तेरा वर्षांत तेथें तीनदां अशी टंचाई पडली कीं, दुकानांचीं फडताळें रिकामीं झालीं. सुकाळाच्या देशांत दुष्काळ कसा पडला हें समजलें म्हणजे आपण कसें वागावें हें ठरविणें सोपें होईल.

काडतुसाचे भाग

प्रथम काडतुसाची रचना थोडक्यांत सांगतों. गोळीच्या काडतुसाचे भाग चार : पितळेचें नळकांडें, त्याच्या बुडाशीं बसविलेली टोपी, आंत भरलेली दारू, आणि तोंडाशीं घट्ट बसविलेली गोळी. छऱ्याच्या काडतुसांत नळकांडें बहुधा प्लॅस्टिकचें किंवा कागदाचें असून त्याचें बूड धातूचें असतें. गोळीच्या जागीं छरे, आणि दारू व छरे यांच्या मध्यें एक बूच असतें. घोडा ओढला म्हणजे टोपीवर आघात होतो, टोपींतील मसाला भडकतो, त्याची ज्वाला दारूस लागते, व दारूच्या वायूनें गोळी अगर छरे पुढें फेंकले जातात. ठासणीच्या बंदुकींतही हेंच घडतें. फरक इतकाच कीं, तेथें हे सर्व जिन्नस सुटे असून भरणारा आपल्या हातानें ते नळींत ठासतो व टोपी बाहेरून बसवितो.

या भागांपैकीं नळकांडें पुन्हां वापरतां येतें. गोळ्या व छरे शिशाचे असल्यामुळें त्यांची ओतकामें ठिकठिकाणीं होऊं शकतात. परंतु टोपी मात्र वाटेल त्यास करतां येत नाहीं. तिचा मसाला अत्यंत नाजूक, किंचित् घर्षणानें भडकणारा. त्यामुळें तिचे कारखाने मोजके असतात. अमेरिकेसारख्या देशांतही टोप्यांचे मोठे उत्पादक चारच : फेडरल, सी. सी. आय., विंचेस्टर व रेमिंग्टन. २०२० सालच्या अखेरीस यांपैकीं तीन एकाच मालकाच्या हातांत आले. पाटाचें पाणी जसें अरुंद मोरीपाशीं अडतें, तसा काडतुसांचा सर्व धंदा या टोपीपाशीं अडतो. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढील हकीकतीचा उलगडा तींत आहे.

तीन टंचाया

पहिली टंचाई २००८ सालच्या नोव्हेंबरांतील अध्यक्षीय निवडणुकीनंतर पडली. नवें सरकार बंदुकांवर कडक निर्बंध आणील अशी लोकांची समजूत झाली, आणि निर्बंध येण्याच्या आधींच जो तो काडतुसें घेऊन ठेवूं लागला. ती ओसरते न ओसरते तोंच १४ डिसेंबर २०१२ रोजीं कनेक्टिकट संस्थानांतील न्यूटाउन येथें एका शाळेंत मुलांची भयंकर हत्या झाली. पुन्हां निर्बंधांची चर्चा सुरू झाली व पुन्हां दुकानें रिकामीं झालीं. या खेपेस सर्वांत अधिक तुटवडा पडला तो पॉइंट बावीस या लहान काडतुसांचा. हें काडतूस तेथील शेतकऱ्याच्या रोजच्या उपयोगाचें. कोठारांतील उंदीर, बांध पोखरणारे लहान प्राणी यांवर तें वापरतात. एरवीं पेटींत शेंकड्यांनीं मिळणारा हा स्वस्त माल कांहीं वर्षें सहजासहजीं मिळेना. वॉलमार्टसारख्या मोठ्या दुकानांनीं २०१३ च्या जानेवारींत एका गिऱ्हाइकास दिवसाला तीनच पेट्या देण्याचा नियम केला. तेव्हां लोक पहाटे येऊन मालगाडीची वाट पाहत रांगेंत उभे राहूं लागले.

तिसरी टंचाई २०२० सालची. तिला करोनाची साथ, उन्हाळ्यांतील दंगली व नोव्हेंबरांतील निवडणूक अशीं तीन कारणें एकदम मिळालीं. तेथें परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घेणाऱ्याची चौकशी एफ. बी. आय. या केंद्रीय तपास खात्याच्या दप्तरांत होते. २०१९ सालीं अशा चौकशा सुमारें २ कोटी ८४ लाख झाल्या होत्या; २०२० सालीं त्या सुमारें ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या. प्रत्येक चौकशी म्हणजे एक विक्री असें नव्हे, तरी मागणीची चढ यावरून कळते. त्या धंद्याच्या व्यापारी संघाच्या अंदाजाप्रमाणें त्या एका वर्षांत सुमारें ८४ लाख लोकांनीं आयुष्यांत प्रथमच बंदूक घेतली. आतां वाचकांनीं आमच्याबरोबर थोडा हिशेब करावा. या प्रत्येक नव्या मालकानें पन्नासाच्या फक्त दोनच पेट्या घेतल्या असें धरलें, तरी काडतुसें झालीं ८४ कोटी. एकेकट्यानें पाहतां कोणाचीही मागणी अवाजवी नाहीं. पण सर्वांची मिळून ती कोणत्याही कारखान्यास तत्काळ पुरवितां येण्याजोगी नाहीं.

त्यांतच रेमिंग्टनची जुनी कंपनी २०१८ सालीं एकदां व जुलै २०२० मध्यें दुसऱ्यांदां दिवाळखोरींत गेली. तिचा आर्कान्सा संस्थानांतील लोनोक येथील काडतुसांचा कारखाना व्हिस्टा कंपनीनें ८ कोटी १४ लाख डॉलरांस विकत घेतला, व त्याचें काम पुन्हां वळणावर आणण्यास वेळ गेला. त्या वर्षाच्या अखेरीस फेडरलच्या अध्यक्षांनीं जाहीर सांगितलें कीं, आपल्याकडे १०० कोटी डॉलरांहून अधिक किमतीच्या मागण्या पडून आहेत, कारखाने अहोरात्र चालू आहेत, व माल कोठेंही दडविलेला नाहीं. साथीपूर्वीं नऊ मिलिमीटरचें जें काडतूस वीस सेंटांच्या आसपास मिळे तें सत्तर सेंटांच्या घरांत व कोठें कोठें त्याहूनही वर गेलें. हजार टोप्यांस पूर्वीं तीस-पस्तीस डॉलर पडत. त्या शंभराच्या वर गेल्या.

कोणी विचारील कीं, मागणी एवढी वाढली तर कारखानदारांनीं नवीं यंत्रें कां बसविलीं नाहींत? याचें उत्तर सरळ आहे. २०१६ च्या निवडणुकीनंतर निर्बंधांची भीति संपली, तेव्हां मागणी एकदम बसली होती. रेमिंग्टनच्या पहिल्या दिवाळखोरीस इतर कारणांबरोबर हेंही एक कारण होतें. एका वर्षाच्या चढत्या भावावर भिस्त ठेवून सगळ्या रानांत कांदाच लावणाऱ्या शेतकऱ्याची पुढील वर्षीं जी गत होते, ती गत कारखानदारास ठाऊक असते. म्हणून तो आहे त्याच यंत्रांवर रात्रपाळी चालवितो व मागणी ओसरण्याची वाट पाहतो.

आवया व त्यांचें फळ

टंचाईच्या पाठोपाठ आवया येतात. २०१३ सालीं अशी बातमी पसरली कीं, तेथील अंतर्गत सुरक्षा खातें मुद्दाम कोट्यवधि काडतुसें खरेदी करून बाजार कोरडा पाडीत आहे. काँग्रेसच्या लेखापरीक्षण कचेरीनें जानेवारी २०१४ मध्यें अहवाल दिला. त्यांत सदर खात्याची खरेदी २००९ पासून उलट उतरत आल्याचें निघालें. त्याच सुमारास मिसूरी संस्थानांतील हर्क्युलेनियम येथील शिशाची भट्टी २०१३ अखेर बंद झाली. खनिजापासून शिसें काढणारी ती त्या देशांतील शेवटची भट्टी. आतां गोळ्याच होणार नाहींत, अशी हाकाटी झाली. वस्तुतः गोळ्यांस लागणारें शिसें मुख्यतः जुन्या शिशाच्या पुनर्वापरांतून येतें. त्यामुळें ती भट्टी बंद झाल्यानें गोळ्या थांबल्या नाहींत. परंतु आवई खोटी असली तरी तिच्यामुळें झालेली खरेदी खरी असते, व ती खरेदीच टंचाई वाढविते. आपल्याकडे मिठाची किंवा युरियाची आवई उठली म्हणजे काय होतें हें प्रत्येकानें पाहिलेलें आहे. दुपारपर्यंत दुकान रिकामें होतें, आणि संध्याकाळीं आवई खरी ठरते!

बंदूकवाल्यांनीं काय केलें

या तिन्ही प्रसंगीं तेथील लोक निरनिराळ्या रीतीनें वागले. त्यांचे आम्ही पांच वर्ग करतों.

पहिला वर्ग घाबऱ्या खरेदीदारांचा. यांनीं दिसेल तो माल, पडेल त्या भावानें घेतला. भाव २०२१ च्या उत्तरार्धापासून हळूहळू उतरूं लागले, तेव्हां यांच्या कपाटांत महाग माल भरून राहिला.

दुसरा वर्ग नफेबाजांचा. हे सकाळीं दुकानांतून माल उचलीत व दुपारीं दुप्पट-तिप्पट दरानें विकीत. यांच्याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. प्रत्येक देशांत व प्रत्येक जिनसांत हे आढळतात.

तिसरा वर्ग दुसऱ्या मापाची बंदूक घेणाऱ्यांचा. एका मापाचीं काडतुसें मिळत नाहींत म्हणून यांनीं दुसऱ्या मापाची बंदूक घेतली. थोड्याच दिवसांत त्या मापाचा मालही संपला. विहीर आटली म्हणून शेजारच्या विहिरीवर मोट बसवावी, तशांतला हा प्रकार.

चौथा वर्ग रिकामीं नळकांडीं पुन्हां भरणाऱ्यांचा. तेथें हा धंदा घरोघर चालतो व कायद्यानें चालतो. आपल्यापाशीं नळकांडीं आहेत, शिसें आहे, दारू आहे, तेव्हां आपण निश्चिंत, असें यांस वाटे. पण टोप्या मिळेनात! बाकीचे जिन्नस हजारांनीं असले तरी एका टोपीवांचून सर्व निरुपयोगी.

पांचवा वर्ग शहाण्यांचा, आणि तो संख्येनें लहान. यांनीं सुकाळाच्या वर्षांत दर महिन्यास एक-एक पेटी घेऊन आपल्या वर्षभराच्या खपापुरता सांठा केलेला होता. टंचाई येतांच यांनीं खरेदी थांबविली, खर्चही कमी केला. निशाणाचा सराव हवाई बंदुकीनें, अथवा नीट तपासून रिकाम्या केलेल्या बंदुकीनें केला. शेजाऱ्यास उणें असलें तर आपल्या मापाचा माल देऊन त्याच्याकडील आपणांस लागणारा माल घेतला. यांस रांगेंत उभें राहावें लागलें नाहीं, व यांच्यामुळें रांगही वाढली नाहीं.

या पांचव्या वर्गाच्या वागण्यांतच सर्व धडा आहे. जो सांठा सुकाळांत थोडाथोडा केला जातो त्यास बेगमी म्हणावें. जो टंचाईंत एकदम केला जातो तीच सांठेबाजी. माल एकच, पेटी एकच. फरक वेळेचा व मापाचा. पहिल्यानें बाजारावर भार पडत नाहीं, दुसऱ्यानें शेजाऱ्याचें पीक जातें.

आपल्याकडील स्थिति

आतां आपल्या शेताकडे वळूं. आपल्याकडे अमेरिकेसारखा मुक्त बाजार नाहीं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वयें परवान्यावांचून बंदूक व काडतुसें बाळगतां येत नाहींत. सदर अधिनियमाच्या १३ व्या कलमांत पीकसंरक्षणासाठीं मुख्यत्वें ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास साध्या नळीची दुसरी बंदूक मिळूं शकते. २०१९ सालच्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजीं पांच वर्षें झाली. परवान्यावर काडतुसांविषयीं दोन आंकडे लिहिलेले असतात : एका वेळीं जवळ किती बाळगावींत, व वर्षभरांत किती विकत घ्यावींत. पुष्कळ परवानेदारांना बंदुकीचा क्रमांक पाठ असतो. पण हे दोन आंकडे विचारले तर ते चष्मा शोधूं लागतात. बेगमीची सीमा या आंकड्यांनीं आंखलेली आहे. तिच्या बाहेर एकही काडतूस गेलें तर ती बेगमी राहत नाहीं, गुन्हा होतो.

माल येतो तोही मोजक्याच ठिकाणांहून. आपल्या महाराष्ट्रांत पुण्याजवळ खडकी येथें १८६९ पासून सरकारी दारूगोळा कारखाना आहे. तेथील बारा बोरचीं शिकारी काडतुसें जुन्या परवानेदारांच्या परिचयाचीं आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून सरकारी शस्त्रकारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, व खडकी ‘म्युनिशन्स इंडिया’ या कंपनीकडे गेली. अशा कारखान्यांचें पहिलें काम सैन्यास पुरवठा करण्याचें. शिकारी काडतुसांचा क्रम त्यानंतर. जिल्ह्यांत दुकानें थोडीं, आणि सर्व परवानेदारांची गरज एकाच हंगामांत. सगळेच आश्विनांत दुकानाशीं गेले तर काय होईल, हें वर सांगितलेल्या ८४ कोटींच्या हिशेबावरून लहान प्रमाणांत ताडून पाहावें.

सांठा किती असावा

यासाठीं अंदाज नको, हिशेब हवा. समजा, एका खातेदाराचें भात व नाचणी मिळून राखणीचा काळ तीन महिन्यांचा आहे, आणि आठवड्यांतून सरासरी दोन बार काढावे लागतात. म्हणजे सुमारें पंचवीस बार झाले. नादुरुस्त निघणारे व बंदुकीच्या तपासणीचे पांच धरावे. एकूण तीस. पुढील वर्षीं माल उशिरा मिळाला तर अर्ध्या हंगामाची सोय म्हणून आणखी पंधरा. पंचेचाळीसांच्या वर या मनुष्यास कशाचीही गरज नाहीं; आणि परवान्यावरील आंकडा याहून कमी असेल तर तोच आंकडा शेवटचा. खरेदी फाल्गुन-चैत्रांत, म्हणजे दुकानांत गर्दी नसतांना करावी. त्या वेळीं माल पारखून घेतां येतो व दुकानदारासही घाई नसते.

या हिशेबासाठीं एक लहान वही घालावी. तींत पांच रकाने पुरेत : तारीख, खरेदी, खर्च, खर्चाचें कारण, शिल्लक. सातबाऱ्याच्या उताऱ्यास जशी जमिनीसंबंधीं किंमत आहे तशी या वहीस काडतुसांसंबंधीं आहे. नूतनीकरणाच्या वेळीं किंवा कोणी विचारणा केल्यास तीच उपयोगीं पडते. आणि आपला खरा खप किती हें तिच्यावांचून आपल्या आपणांसही कळत नाहीं. एका परवानेदारानें आम्हांस सांगितलें कीं, वही लिहूं लागल्यापासून त्याचा खर्च तिसऱ्या हिश्शानें उतरला. पूर्वीं कुत्रें भुंकलें तरी बार निघे. आतां लिहावें लागतें म्हणून आधीं उठून पाहतो!

सांठवण

काडतुसाचे शत्रु तीन : ओल, उष्णता व तेल. कोंकणांतील चार महिन्यांच्या पावसांत पहिला शत्रु सर्वांत प्रबळ. कागदी नळकांडें ओलीनें फुगतें व मग नळींत शिरत नाहीं. धातूच्या बुडास गंज चढतो. ठासणीच्या काळ्या दारूस तर हवेंतील ओलही पुरते. म्हणून काडतुसें दुकानांतून आलेल्या मूळ पुठ्ठ्याच्या पेटींतच ठेवावींत, व ती पेटी झाकण नीट बसणाऱ्या डब्यांत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुडीसह ठेवावी. डबा जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीस लागून ठेवूं नये.

ओलीच्या भयानें कांहीं लोक काडतुसें चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात. हें फार वाईट. तेथें उष्णता रोज चढते-उतरते, दारूचा गुण जातो, आणि आगीचें भय निराळेंच. पत्र्याखालील पोटमाळाही वैशाखांत तितकाच वाईट. घरांतील मधल्या खोलींतील कुलुपाचें लांकडी कपाट सर्वांत उत्तम. बंदुकीस तेल दिल्यावर त्याच हातानें काडतुसें चाळूं नयेत. पातळ तेल टोपींत झिरपून तिला निकामी करतें. ठासणीची दारू व टोप्या एका डब्यांत कधींही ठेवूं नयेत. बंदूक व काडतुसें निरनिराळ्या कुलुपांत असावींत, व किल्ली मुलांच्या हातीं लागूं नये.

प्रत्येक पेटीवर खरेदीची तारीख घालावी, व जुनी पेटी आधीं वापरावी. नीट ठेवलेलें काडतूस पुष्कळ वर्षें टिकतें; परंतु जुना माल मागें ढकलून नवा पुढें वापरीत राहिल्यास ऐन वेळीं हातीं येतें तें दहा पावसाळे खाल्लेलें काडतूस.

टंचाईंत काय करूं नये

या लेखांतील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. पीक गेलें तर पुढील वर्षीं पुन्हां येतें. हाताचीं बोटें किंवा डोळा पुन्हां येत नाहीं.

माल मिळत नाहीं म्हणून मापाबाहेरचें काडतूस वापरूं नये. वीस बोरचें काडतूस बारा बोरच्या बंदुकींत पुढें घसरून नळींत अडकतें. तें उडालें नाहीं असें समजून मागून बारा बोरचें भरलें तर नळी फुटते. जुन्या बंदुकांचें घर बहुधा ६५ मिलिमीटरच्या काडतुसाचें असतें. त्यांत ७० मिलिमीटरचें काडतूस बसल्यासारखें वाटलें तरी उडतांना त्याचें तोंड उघडण्यास जागा नसते व दाब भलताच वाढतो. बंदुकीवर काय माप कोरलें आहे तें जाणकार बंदूक-दुरुस्तीवाल्याकडून एकदां वाचवून घ्यावें.

ठासणीच्या बंदुकींत काडतुसांतून काढलेली बिनधुराची दारू घालूं नये. ती काळ्या दारूच्या मानानें कितीतरी जोरकस असून जुनी नळी तिच्यापुढें टिकत नाहीं. फटाक्यांतील दारू अथवा आगकाड्यांचा गूल खरवडून वापरणें हें तर स्वतःच्या हातानें अपघात ओढवून घेणें होय. रिकामीं नळकांडीं घरीं भरण्याचा अमेरिकन उद्योगही आपल्याकडे करूं नये; परवान्यावांचून दारूगोळा तयार करण्यास सदर अधिनियमाच्या पांचव्या कलमानें मनाई आहे. विनापरवाना विक्रेत्याकडून माल घेणें, किंवा आपला माल परवाना नसलेल्यास उसना देणें, हेंही तसेंच. ‘दोन काडतुसें द्या, दिवाळीला परत देतों’ असें शेजारी म्हणाला, तर त्यास नम्रपणें नकार द्यावा व त्याच्या शेतावर आपण स्वतः राखणीस जाण्याविषयीं परवान्याच्या अटी काय सांगतात तें कचेरींत विचारून घ्यावें.

घोडा पडला पण बार उडाला नाहीं, तर बंदुकीचें तोंड मोकळ्या दिशेस धरून निदान एक मिनिट स्वस्थ उभें राहावें. कधीं कधीं टोपी विलंबानें पेट घेते. नळींत डोकावून पाहणें किंवा घाईनें दुसरा बार ठासणें हें प्राणघातक आहे.

मालकाच्या निधनानंतर बंदूक व काडतुसें भिंतीवर तशींच ठेवणें हाही गुन्हाच. २१ व्या कलमाप्रमाणें वारसांनीं तीं विलंब न लावतां पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून नव्या परवान्यासाठीं अर्ज करावा. पुष्कळ घरीं हें माहीत नसतें, म्हणून मुद्दाम लिहिलें.

थोड्या बारांत राखण

काडतुसें वांचविण्याचा उत्तम उपाय म्हणजे तीं न लागतील अशी राखण करणें. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाची नवी दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. तींत रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचींत व गवा पहिल्या अनुसूचींत आहे. पिकांची नासाडी करणारें डुक्कर मारण्यासही ११ व्या कलमाप्रमाणें अधिकारी वनाधिकाऱ्याची परवानगी आधीं लागते. गव्यावर व मोरावर तर शेतकऱ्यानें बंदूक रोखूंच नये. तेव्हां राखणीच्या बंदुकीचें खरें काम आवाज करून कळप परतविण्याचें आहे. त्यासाठीं ठासणींत नुसत्या दारूचा बार पुरतो. छरे खर्ची पडत नाहींत व जनावर जखमी होऊन माणसांवर उलटत नाहीं.

शिवाय कळप रोज त्याच आवाजास सरावतो. म्हणून माचावर पाळीनें जागणें, डबे व ढोल, कंदील, गोफण यांबरोबर क्वचित् एक बार, अशी मिसळ ठेवावी. जेथें ऐपत आहे तेथें चार-सहा खातेदारांनीं मिळून सौरशक्तीवर चालणारें झटक्याचें कुंपण घालावें. त्याचा झटका थांबून थांबून व मापांत असतो. परंतु घरच्या विजेची तार सरळ कुंपणास जोडणें म्हणजे मनुष्यवध होय. अशा तारांनीं डुकरांपेक्षां आधीं राखणदारच मेल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. सुरुंगाच्या गोळ्या आमिषांत घालून ठेवणें हेंही त्याच जातीचें. निवडणुकीच्या दिवसांत बंदुका जमा करण्याचा हुकूम निघाला म्हणजे हंगामांत हातीं कांहींच राहत नाहीं. त्या वेळीं ज्यांनीं कुंपण व पाळी यांची तजवीज आधीं केली त्यांचेंच पीक वांचतें. तरीही नुकसान झालें तर बार न मोजतां पंचनाम्याचा अर्ज वन खात्याकडे त्वरित द्यावा.

सारांश

१. खरेदी सुकाळांत व थोडीथोडी करावी. टंचाईची आवई ऐकतांच दुकानाकडे धांवूं नये.

२. सांठा हंगामाच्या खपाच्या दीडपट, व परवान्यावरील दोन्ही आंकड्यांच्या आंत असावा.

३. पांच रकान्यांची वही ठेवावी. जुना माल आधीं वापरावा.

४. ओल, उष्णता व तेल यांपासून काडतुसें जपावींत.

५. मापाबाहेरचें काडतूस, परकी दारू व चोरटा माल यांस कितीही अडचण असली तरी हात लावूं नये.

६. बार हा राखणीचा शेवटचा उपाय समजावा.

अमेरिकेंतील कोट्यवधि बंदूकवाल्यांना जें तीन टंचायांनीं शिकविलें, तें आपल्या पूर्वजांना बियाण्याच्या कणगीनें शिकविलेंच होतें. कणगी भरावयाची ती सुगींत. आणि भरावयाची ती आपल्या रानापुरती. येत्या चैत्रांत प्रत्येक परवानेदारानें आपला परवाना एकदां उघडून ते दोन आंकडे वाचावे, डबा उघडून शिल्लक मोजावी व वही घालावी. एवढें झालें तरी आश्विनांतील एका रात्रीची चिंता कमी होईल.